ड्युटी लिस्टपासून सुरुवात करा : ग्रामीण रुग्णालयात समता कशी आणायची

आमच्या वॉर्डात ड्युटी लिस्टवर नाईट लाल पेनाने लिहायची पद्धत होती. परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) म्हणून मी चार्ज घेतला तेव्हा आधीच्या तीन महिन्यांच्या लिस्टा टाचून ठेवलेल्या मिळाल्या. टेबलावर पसरून जरा दुरून पाहिल्या, तर दोन नावांपुढच्या ओळी लालच लाल. एक कंत्राटी मुलगी, दुसरी गोंड समाजातली, नुकतीच रुजू झालेली. पोळा, लक्ष्मीपूजन, भाऊबीज, तिन्ही दिवशी ड्युटीवर याच दोघी. कुणी ठरवून केलं असेल असं मला आजही वाटत नाही. लिस्ट लावताना जी भांडते तिला आधी जागा मिळते, जी बोलत नाही तिचं नाव उरलेल्या घरांत जातं.

समता, विविधता, सर्वसमावेशकता हे शब्द १२ मेच्या परिचारिका दिनाला भाषणात ऐकू येतात. पण वॉर्डात समता असते ती लिस्टमध्ये, ओव्हर देताना (म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना), खाट देताना, हाक मारताना. तिथे ती मोजता येते आणि दुरुस्तही करता येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आणि त्याआधी गडचिरोलीत एटापल्ली भागातल्या उपकेंद्रावर काम करताना जे जमलं ते क्रमाने लिहिते आहे. इन्चार्ज सिस्टर, ब्रदर (पुरुष परिचारक), आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, कुणालाही आपल्या जागेवरून हे सुरू करता येईल. वरून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही.

१. तीन महिन्यांची लिस्ट मोजा

एक फुलस्केप कागद घ्या. डावीकडे सगळ्यांची नावं लिहा, नियमित आणि कंत्राटी एकाच यादीत. पुढे पाच रकाने आखा: नाईट किती, रविवारची सुट्टी किती, सणाच्या दिवशी ड्युटी किती, लेबर रूम किती दिवस, मागितलेली रजा किती वेळा नाकारली. तीन महिन्यांचे आकडे भरा. तासाभराचं काम आहे. मोजताना कुणाची जात, समाज, कंत्राट यांचा विचार करू नका. आकडे भरून झाले की सगळ्यात वरची तीन आणि सगळ्यात खालची तीन नावं पाहा. काय दिसायचं ते तिथेच दिसतं.

लेबर रूमचा रकाना मुद्दाम ठेवा. शिकायला मिळतं ते तिथे. एखादीला सहा-सहा महिने ओपीडीत इंजेक्शनच्या टेबलावरच बसवलं, तर पुढे ‘तिला डिलिव्हरी जमत नाही’ असं म्हणायला आपणच मोकळे होतो. ब्रदरच्या बाबतीत उलटं होतं. पेशंट उचलायला ब्रदर, दारू पिऊन आलेला नातेवाईक आवरायला ब्रदर, शवविच्छेदनाच्या वेळी ब्रदर. अधिपरिचारक म्हणून तो तेवढंच शिकून आलेला असतो. त्याला लेबर रूममध्ये काम देताना बाईची परवानगी विचारायची आणि जवळ एखादी सिस्टर ठेवायची. पण तिथून कायमचं बाहेर ठेवू नका.

मोजून झाल्यावर लिस्ट लावायची पद्धत बदला. आम्ही दर महिन्याच्या २५ तारखेला कच्ची लिस्ट पेन्सिलने लिहून ड्युटी रूममध्ये लावू लागलो. दोन दिवस हरकती घ्यायच्या, त्याही तिथेच कागदावर लिहून, म्हणजे तोंडाने भांडणारी आणि गप्प बसणारी सारख्याच पातळीवर येतात. २८ ला पक्की लिस्ट. आपसात ड्युटी बदलली तर दोघींची सही.

सणांचं मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. जानेवारीत प्रत्येकाने आपले दोन दिवस लिहून द्यायचे. आमच्याकडे कुणी पोळा लिहितो, कुणी ईद, कुणी नाताळ, कुणी महाशिवरात्र, कुणी १४ एप्रिल. अडचण येते ती दसऱ्याला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा होता, त्यामुळे दीक्षाभूमीला जाणाऱ्यांना आणि घरी दसरा असणाऱ्यांना सुट्टी एकाच दिवशी लागते. पहिल्या वर्षी ‘दसरा मोठा सण’ म्हणून मीच चूक केली. दीक्षाभूमीला जाणाऱ्या सिस्टरला नाईट लावली. ती काही बोलली नाही, सकाळी ओव्हर देऊन सरळ बस स्टँडवर गेली. त्यानंतर आम्ही बसून ठरवलं: नागपूरला जाणाऱ्यांना आदल्या संध्याकाळपासून मोकळं करायचं, घरी दसरा असणाऱ्यांनी सकाळची ड्युटी करून दुपारनंतर सोनं वाटायला जायचं, आणि ज्यांचे हे दोन्ही सण नाहीत त्यांनी नाईट घ्यायची. ईदला आणि नाताळला त्यांची परतफेड करायची. हे वहीत लिहून ठेवलं, कारण तोंडी ठरलेलं पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

२. हाक कशी मारता ते आठवडाभर ऐका

‘देशमुख मॅडम’, ‘जोशी सिस्टर’ आणि ‘ए मडावी’. एकाच वॉर्डात, एकाच हुद्द्याच्या तिघींना. ऐकायला लागलात की कानाला टोचायला लागतं. आमच्याकडे आडनावावरून समाज ओळखला जातो, म्हणून हाकेतला फरक साधा राहत नाही. नियम एकच ठेवा: सगळ्यांना नाव आणि सिस्टर, किंवा सगळ्यांना आडनाव आणि सिस्टर. सफाई करणाऱ्या मावशींना आणि वॉर्डातल्या मामांनाही अहोजाहो. ‘कोट्यातून आलेली’ हा शब्द ड्युटी रूममध्ये निघाला की तिथल्या तिथे थांबवा. आवाज चढवायची गरज नाही. ‘नर्सिंग परिषदेची नोंदणी तुझीही तीच, तिचीही तीच’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

गणवेशाचे नियमही सगळ्यांना सारखे लावा. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोपराच्या खाली काही नको असं ठरलं, तर बांगड्या, अंगठी, मनगटातला गंडा, काळा धागा, सगळंच नको. एकीला ‘सवाष्ण आहे, राहू द्या’ आणि दुसरीच्या डोक्यावरच्या ओढणीवर बोट, असं होता कामा नये. ओढणी स्वच्छ असेल, पिन लावून आत खोचलेली असेल आणि रोज बदलली जात असेल, तर पेशंटला तिचा काही धोका नाही.

३. राहायच्या जागेचा प्रश्न आपला माना

नवी सिस्टर रुजू होते तेव्हा तिची पहिली परीक्षा वॉर्डात होत नाही, गावात खोली शोधताना होते. मी स्वतः एका नव्या मुलीबरोबर खोली पाहायला गेले होते. घरमालकीणबाईने चहा ठेवला, भाडं सांगितलं, नळाची वेळ सांगितली. मग आडनाव विचारलं. ऐकल्यावर चहाचं भांडं तसंच गॅसवर राहिलं. ‘आमच्या इथं देवघर हाय जी, सासूबाईले चालत नाही.’ मुलगी चप्पल घालून अंगणात जाऊन उभी राहिली. परत येताना रस्ताभर ती मला वॉर्डातल्या औषधांच्या स्टॉकबद्दल विचारत होती.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. रुजू होणाऱ्याला जागा मिळेपर्यंत क्वार्टर किंवा विश्रामाची खोली द्यावी म्हणून वैद्यकीय अधीक्षकांना आधीच लेखी कळवते. क्वार्टर वाटपाची यादी गरज आणि ज्येष्ठता लिहून फलकावर लावायला सांगते. आणि गावातल्या ज्या घरांनी आजवर कुणालाही न विचारता खोली दिली त्यांची एक यादी वहीत ठेवते. अशी घरं प्रत्येक गावात असतात. आशाताईंना ती माहीत असतात.

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा, स्वतः अनुसूचित जाती-जमातीत न मोडणाऱ्या कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तक्रार करायची की नाही हे त्या व्यक्तीनेच ठरवायचं. आपण ‘जाऊ दे’ म्हणायचं नाही आणि ढकलायचंही नाही. माहिती द्यायची आणि सोबत जायची तयारी ठेवायची.

४. ओव्हर दोन भागांत द्या

खाटेशेजारी उभं राहून आपण ओव्हर देतो. ‘सात नंबर, एचआयव्हीची केस’, ‘अकरा नंबर, कुमारी आहे, ॲबॉर्शन’. सहा नंबरच्या पेशंटची सासू कान देऊन ऐकत असते आणि संध्याकाळी ते गावात पोचतं. म्हणून सलाईन, ताप, लघवी, ड्रेसिंग हे खाटेजवळ सांगा. निदान, समाज, कौटुंबिक भानगडी हे टेबलाशी, हळू आवाजात. हा बदल उद्याच्या सकाळच्या ओव्हरपासून करता येतो.

खाटेवर किंवा केसपेपरच्या बाहेर लाल अक्षरात आजाराचं नाव लिहिणं बंद करा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही आणि उपचारात भेदभाव करता येत नाही. वीस किंवा अधिक माणसं काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे तो कोण, विचारून घ्या. ग्लोव्हज सगळ्यांसाठी घालायचे, कारण ज्याची तपासणीच झालेली नाही त्याचा धोका आपल्याला माहीत नसतो. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सांगा. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. हे प्रत्येक सिस्टरला, मावशीला पाठ झालं की भीती कमी होते. वॉर्डातला बराचसा भेदभाव भीतीतूनच येतो.

कुष्ठरोगाचंही तसंच. कुष्ठरुग्णांसाठीचे आनंदवन आणि दत्तपूर ज्या मातीत उभे राहिले त्याच विदर्भात अजून कुष्ठरुग्णाला व्हरांड्यात खाट दिलेली मी पाहिली आहे. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. जखमेची नेहमीची काळजी घ्यायची आणि खाट वॉर्डातच द्यायची.

तृतीयपंथी पेशंट आला की वॉर्डातली गडबड नाव विचारण्यापासून सुरू होते. ‘तुम्हाला काय नावाने हाक मारू?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘कोणत्या वॉर्डात बरं वाटेल?’ तपासताना पडदा, आणि बघायला गर्दी नाही. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली आहे. ओळखपत्र नाही म्हणून उपचार थांबवू नका.

५. बोलीची वही तयार करा

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या कामाने.

गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, आमच्या यवतमाळच्या केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागात कोलामी, मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याला कोरकू. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली. म्हणजे मराठी-हिंदीवरून अंदाजाने यातलं काही कळत नाही. आणि पेशंटलाही आपलं कळत नाही, ती फक्त मान हलवते.

एका कोलाम बाईला मी चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. दर वेळी समजावलं, दर वेळी तिने मान हलवली. हिमोग्लोबिन हलेना. शेवटी घरी गेले तर आढ्याच्या बांबूत पाकिटं ओळीने खोचलेली होती, एकही गोळी फोडलेली नव्हती. आशाताईने कोलामीत विचारलं तेव्हा कळलं की अशक्त वाटलं तरच घ्यायची असं तिला वाटलं होतं, आणि कामात अशक्त वाटायला तिला वेळ नव्हता. मी तिच्या केसपेपरवर ‘गोळ्या घेत नाही, सहकार्य नाही’ असा शेरा मारलेला होता. तो मी खोडला.

वही अशी करा. तुमच्या वॉर्डात रोज लागणारी वीस वाक्यं काढा: कुठे दुखतं, केव्हापासून, शेवटची पाळी कधी आली, बाळ हलतं का, पाणी सुटलं का, अंगावरून किती जातं, ही गोळी रोज रात्री जेवल्यावर, बरं वाटलं तरी बंद करायची नाही, रक्त चढवावं लागेल, तुमची परवानगी हवी. आशाताईकडून किंवा त्या भाषेच्या सिस्टरकडून ती वदवून घ्या, देवनागरीत लिहा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. नुसत्या लिहिण्यावर विसंबू नका, उच्चार चुकला की अर्थ हलतो. मग दोन पेशंटांपुढे ऐकवून पाहा, त्यांना कळलं तरच पक्कं. वही लेबर रूमच्या टेबलावर ठेवा, कपाटात नाही.

दुभाषी कोण, याचाही नियम करा. लहान मुलाला आईच्या पाळीबद्दल विचारायला लावू नका. कुटुंब नियोजन, गर्भपात, मारहाण याबद्दल बोलताना नवरा किंवा सासू दुभाषी नको. आणि आपल्यातली जी सिस्टर गोंडी किंवा कोलामी बोलते तिला प्रत्येक खाटेवर पळवत असाल, तर तो वेळ तिच्या कामात धरा. त्या दिवशी तिच्याकडे खाटा कमी द्या. तिची भाषा हे कौशल्य आहे, ते फुकट वापरू नका.

सांगून झालं की पेशंटलाच विचारा, ‘आता घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, मले सांगा बरं.’ ती सांगेल तेवढंच आपण समजावलेलं असतं.

एटापल्लीकडे असताना पाळीच्या दिवसांत बाया कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहायच्या. सुरुवातीला मी चिडून भाषण द्यायचे, मग त्या मला टाळायच्या. नंतर मी कुर्माघरापाशी जाऊन बसू लागले. रक्तदाब तिथेच, गोळ्या तिथेच, गरोदरपणाची नोंद तिथेच. प्रथेबद्दल बोलायची वेळ पुढे आली, ती त्यांनीच काढली. दूरच्या पाड्यावरच्या गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माहेरघरात (प्रसूतीआधी येऊन राहायच्या खोलीत) दिवस भरायच्या आधी आणायचं असेल, तर सोबत कोण राहणार, मागच्या मुलांचं काय, जेवण काय, हे आधी विचारा. त्याची उत्तरं मिळाली की ती येते.

६. सिस्टरच्या शरीराचाही विचार करा

गरोदर सिस्टरने सांगितल्यावर पहिलं वाक्य ‘आता नाईट कोण करणार?’ हे नसावं. प्रसूती लाभाच्या तरतुदींप्रमाणे (आधी १९६१ च्या कायद्यात, आता सामाजिक सुरक्षा संहितेत) पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की खासगी दवाखान्यातल्या सिस्टरलाही हक्क लागतो. प्रसूतीच्या तारखेआधीच्या साधारण दहा आठवड्यांत तिने मागितलं तर जड किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही. तिचा अर्ज लेखी घ्या.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल आपण गावात समुपदेशन करतो, पण आपल्याच सहकाऱ्याला तो असू शकतो हे विसरतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. अशा सिस्टरला वेदनेचा झटका थंडीने, पाणी कमी पडल्याने, अतिश्रमाने येऊ शकतो. तिला पाणी प्यायला उठू द्या, सलग नाईट देऊ नका, लागोपाठच्या दोन ड्युट्या नकोतच. बाकीच्यांना कारण सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. ‘वैद्यकीय कारणाने बदल’ एवढं लिस्टवर पुरेसं आहे.

खासगी रुग्णालयांतल्या पगाराबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा अशी शिफारस केली होती. तालुक्याच्या गावी याहून फार कमी घेणाऱ्या मुली मी ओळखते. ती शिफारस आहे, पण पगाराची बोलणी करताना हा आकडा माहीत असू द्या आणि चौघी-पाचजणींनी मिळून बोला.

७. तक्रार करायची वेळ आली तर

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती. सदस्यांची नावं भिंतीवर दिसली पाहिजेत. नसतील तर ‘नावं लावावीत’ असा साधा अर्ज द्या, तक्रार नसतानाही. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कामासाठी जाता ते घर, गाव, रुग्णालयाची गाडी हेही कायद्याने कामाचं ठिकाण धरलं आहे. म्हणजे गृहभेटीला गेलेली आरोग्यसेविका यात येते, आणि शिकाऊ मुलीही येतात.

घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चौकशी चालू असताना तुम्ही मागितलं तर तुमची किंवा समोरच्याची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा यांची शिफारस समिती करू शकते. ‘मिटवून घ्या’ असं समितीला स्वतःहून म्हणता येत नाही. समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैशांच्या देवघेवीवर तो होऊ शकत नाही. माझ्या एका सहकारी सिस्टरला वरिष्ठांनी खोलीत बोलावून तासभर ‘मिटवून घ्या’ हेच सांगितलं होतं. तिला नियम माहीत नव्हता, मलाही नव्हता. तिने बदली मागून घेतली.

तक्रार कुठलीही असो, लिहिताना तारीख, वेळ, जागा आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. ‘अपमानास्पद बोलले’ असं लिहिलं की समितीसमोर काहीच उरत नाही. कोण हजर होतं ते लिहा. त्या दिवशीच्या ड्युटी लिस्टचा फोटो जोडा, म्हणजे तुम्ही आणि समोरचा दोघेही तिथे होता हे सिद्ध होतं. बदली, ज्येष्ठता यादी, क्वार्टर वाटप यांचे कागद हवे असतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे मोफत मदतीचा हक्क आहे, फोन १५१००.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक टेबलावर द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले तर ठेवू नका, उद्या परत जा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. आणि ती पोच घरी ठेवा, ड्युटी रूमच्या कपाटात नाही.